कोर्टानं दिलेली जागा

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीसुद्धा पुरी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला कायद्यातलं काय कळतं. जे कळतं ते कोर्टाच्या बाकावर बसून कळलं. तिथला मास्तर छडी मारत नाही, नुसती पुढची तारीख देतो.

आमची सोसायटी सुरतेत, पर्वत पाटियाच्या पलीकडे. सोसायटी म्हणायची एवढंच. भिंतीला भिंत टेकलेली घरं, त्यावर चढवलेले पत्र्याचे मजले. निम्म्याहून जास्त माणसं आमची, धुळे-नंदुरबारकडची, लूमवर नाहीतर साडीच्या कामाला आलेली. माझ्या शेजारचं घर धाकट्या भावाचं. मधली भिंत एकच, त्याच्या घरातला कुकर माझ्या घरात ऐकू येतो. बायको गेल्यापासून जेवायची वेळ मी त्यावरूनच ओळखतो. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावाला असतो, केमिकलच्या कंपनीत. चांगला आहे, फोन करतो. नातवंडं फोनवर आजोबाला गुजरातीत "दादा, केम छो" म्हणतात, मी "बरा आहे" म्हणतो, मग ती फोन आईच्या हातात देतात.

गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे. इथे तिला कॉमन प्लॉट म्हणतात. सोसायटीचे प्लॉट पाडले तेव्हाच ती सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली. श्रावणात आम्ही तिथे कानबाई बसवायचो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी माणूस कुठेही असला तरी त्याच्याकडे कानबाई येते. नारळाची देवी, तिला शालू, नथ, रात्रभर बायांची गाणी, सोमवारी विसर्जन. त्या दिवशीचं जे देवीचं जेवण, त्याला आम्ही रोट म्हणतो, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरचा कितीही जिवाभावाचा असो, त्याला देत नाहीत. गावाकडे हे ज्याच्या त्याच्या घरात होतं. सुरतेत घरं एवढीशी. म्हणून मीच पहिल्यांदा प्लॉटवर मांडव घातला, सगळ्या भाऊबंदांचा मिळून एक. मी सगळ्यांत मोठा, म्हणून देवीला पहिला हात माझा.

एक दिवस पालिकेची माणसं आली आणि फीत लावून प्लॉट मोजून गेली. कापड बाजाराच्या टेंपोंनी रस्ता अडतो, तेव्हा इथे टेंपो उभे करायची जागा होणार, असं कळलं.

संध्याकाळी भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसला. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. लिहायला बसलं की माझं बोलणं शाळेच्या मराठीत उतरतं, त्याला इलाज नाही. त्याचं आहे तसं लिहितो; शे म्हणजे आहे, आठे म्हणजे इथे, बठ्ठी म्हणजे सगळी, एवढं कळलं की पुरे.

"भाऊ, कॉर्पोरेटरकडे जाऊत," तो म्हणाला. "आपला माणूस शे. मतं दियेल शेतस त्याले."

"मत दिलं म्हणून तो आपला झाला का?"

"मंग कोना व्हयना?"

"ज्याचं काम पडेल त्याचा. मी कोर्टात जातो."

भाऊ हसला. "तू म्हणजे कोर्टना जवाई शे."

हे तो का म्हणाला ते सांगतो. ऐन उमेदीत असताना मी ज्या कारखान्यात होतो तिथे मालकानं एकेका कारागिराकडे जास्तीचे लूम लावले. दोन माणसांचं काम एकाकडे. मी नाही म्हटलं, मला काढलं. तेव्हा एक पुढारी गेटवर आला, खुर्चीवर उभा राहून बोलला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तोच मालकाच्या केबिनमध्ये बसलेला काचेतून दिसला. तेव्हा आम्ही इथे थोडे होतो, आमची नावं मतदार यादीत सुद्धा धड नव्हती, आमच्याकडे कोण बघतो. मी कामगार कोर्टात गेलो. वर्षं गेली, चपला झिजल्या, बायकोनं घरी साड्यांना टिकल्या लावून घर चालवलं. पण शेवटी न्यायाधीशानं माझं नाव पुरं वाचलं, बापाच्या नावासकट, आणि मालकाला सांगितलं की ह्याला परत घ्या. आयुष्यात एकदाच कोणीतरी माझं नाव असं मोठ्यानं वाचलं आणि समोरच्याला खाली मान घालावी लागली. जवाई म्हणा नाहीतर काही म्हणा.

भावाचं उलटं. त्याच्या घरापुढे गटार तुंबायचं तेव्हा त्यानं कॉर्पोरेटरला फोन केला आणि आठवड्याच्या आत नवी लाइन पडली. त्यालाही त्याचं दिसलेलं खरं.

कतारगामची एक वकीलबाई मला कोणीतरी सांगितली. मुलीच्या वयाची, पण कागद वाचताना मान वर करत नाही, तेव्हाच मला बरी वाटली. ती गुजरातीत म्हणाली, "काका, बीजा बधानी संमती छे ने?" बाकी सगळ्यांची संमती आहे ना.

मी म्हटलं, "मी मोठा आहे."

तिनं पुन्हा तेच विचारलं. तिला हे कळलं नसावं. आमच्यात मोठा भाऊ बोलला की घराचं बोलणं झालं, पुन्हा घरोघर जाऊन विचारायची रीत नाही. तरी तिच्या समाधानासाठी मी चार चुलतभावांच्या सह्या आणल्या. कशावर करतो आहोत हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगत बसलो नाही. दावा सगळ्या रहिवाशांच्या वतीनं लागला.

स्टे मिळाला. गल्लीत पेढे वाटले गेले. भाऊच म्हणाला, "जवाईना मान राखा कोर्टनी." पण त्या हुकमात असं होतं की निकाल लागेपर्यंत त्या जागेवर कोणीही काहीही उभारायचं नाही. कोणीही म्हणजे पालिकाही नाही आणि आम्हीही नाही. श्रावण आला तेव्हा वकीलबाईनं बजावलं, काका, मांडव घालू नका, समोरचे फोटो काढतील. त्या वर्षी कानबाई भावाच्या गच्चीवर पत्र्याखाली बसली. बाया घामानं भिजल्या. कोणी मला काही बोललं नाही, पण वाढताना पळीचा आवाज जरा जास्त होत होता.

नंतर निवडणूक झाली. भाऊ प्रचारात फिरला, मी मत देऊन घरी आलो. निवडून आल्यावर कॉर्पोरेटर स्वतः आमच्या गल्लीत आला, माझ्या ओट्यावर बसला, पाणी मागून प्यायला. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. आईबाप नंदुरबारकडचे, जन्म इथला, मराठी बोलता बोलता गुजरातीत जायचा.

"काका, पार्किंग कॅन्सल," तो म्हणाला. "मी वरून मंजूर करवून आणलं छे. अर्ध्यात आंगणवाडी, अर्धं मोकळं. कानबाईसाठी पक्का ओटा बांधून देतो. फक्त केस पाछो घ्या. केस आहे तोवर साहेब लोक फाइलला हात नाही लावत."

"आणि पुढच्या वेळी तुम्ही पडलात तर?"

"तर जो येईल त्याला सांगा."

"म्हणजे दरवेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत बसायचं."

"हां काका. सांगत बसायचं. ह्यालाच तर राज्य चालवणं म्हणतात."

मला ते उत्तर आवडलं नाही. पण विसरलोही नाही.

गल्लीची बैठक झाली. आंगणवाडी तेव्हा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. बायांना पोरं घेऊन टेंपोंच्या मधून जावं लागायचं, त्यामुळे बायाच जास्त बोलत होत्या. केस मागे घ्यायची असेल तर हात वर करा म्हटलं तेव्हा सगळ्यांनी केले. भावानं सगळ्यांत शेवटी केला, माझ्याकडे बघत बघत, पण केला.

मी उभा राहिलो. म्हटलं, "जागा कोणाची हे हात वर करून ठरत नाही."

मागून चुलतभावाची सून बोलली, "आबा, मंग कसं ठरस? तुमना एकलाना हातवर?"

लोक हसले. मलाही ते बोलणं झोंबलं तेवढंच चोख वाटलं. पण मी खाली बसलो नाही, सरळ घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ केस मागे घ्यायचा कागद घेऊन आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"सही कर, भाऊ. बठ्ठी गल्ली म्हणी राहिनी."

"आज आपण इथे भरपूर आहोत, म्हणून तो पाणी प्यायला येतो. थोडे होतो तेव्हा कोण आलं होतं? उद्या पोरं सचिनला, कडोदऱ्याला पांगली, इथे दुसरे आले, मग? ते हात वर करतील आणि आपला ओटा उखडतील. कोर्टाचं लिहिलेलं कोणाच्या हातानं पुसत नाही."

"आणि जज? तो आठे कधी येयेल शे का? प्लॉट कोठे शे हाई तरी माहीत शे का त्याले?"

"त्याला आपलं मत नको, आपलं पाणी नको. म्हणूनच माझा विश्वास."

"त्या काया कोटवर इश्वास. आमनावर नही."

त्यात तुमच्यावर विश्वास नाही असं काही नव्हतं. पण तसं बोलायला गेलो असतो तर आवाज हलला असता, आणि मोठ्या भावाचा आवाज धाकट्यासमोर हलू नये.

"मंग रोट येगळा समज," तो म्हणाला, आणि गेला.

रागानं म्हणाला असता तर मी धरलं नसतं. तो हळू म्हणाला. आमच्यात भांडणं होतात, वाटण्या होतात, पोलिसात जातात, तरी रोट एक असतो. रोट वेगळा झाला म्हणजे भाऊबंदकीच वेगळी झाली. खानदेशात पिढ्या मोठ्या झाल्या की वेगळा करतातही, पण बसून, ठरवून, म्हाताऱ्यांना विचारून करतात. इथे म्हातारा मीच होतो.

त्या श्रावणात त्यांनी लग्नाची वाडी घेतली. सुरतेत लग्नाच्या हॉलला वाडी म्हणतात. मला कोणी बोलावलं नाही आणि न बोलावता मी गेलो नाही. घरात एकट्यानं कानबाई बसवता येत नाही, तिला नटवायला बाया लागतात. मी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि भात टाकला. कढी करायची होती, पण ताक आणायला भावाच्या दारावरून जावं लागलं असतं. भात नुसताच खाल्ला.

तारखांना मी एकटा जायचो. आधी चुलतभाऊ यायचे, मग म्हणायचे, सुट्टी मिळत नाही, मग म्हणणंही बंद झालं. कोर्टाच्या आवारात एक बाक आहे, तिथे माझ्यासारखे बरेच असतात. एकमेकांची केस विचारतात, ऐकत कोणी नाही. आपली सांगायची पाळी येईपर्यंत थांबतात. बाहेर निवडणुकीचं भाषण करणाऱ्याला ऐकणारे हजार असतात. इथे बोलणारे तेवढे आणि ऐकणारा वर बसलेला एकटा. तरी मला वाटायचं, तो एकटा ऐकतो हेच खरं. मालकाच्या वेळी त्यानंच ऐकलं होतं.

निकालाच्या दिवशी पांढरं धोतर नेसून गेलो. निकाल इंग्रजीत होता. वकीलबाई बाहेर आली, म्हणाली, "काका, जीती गया." मग समजावून सांगितलं. जागा सगळ्या रहिवाशांची. पार्किंग होणार नाही. कसलंच बांधकाम होणार नाही, जागा कायम मोकळी राहील. सणासुदीला रहिवाशांनी तात्पुरता मांडव घालायला हरकत नाही.

"आंगणवाडी?"

"ए पण नहीं. कोई बांधकाम नहीं."

आंगणवाडीच्या विरुद्ध मी काही मागितलं नव्हतं. पण कोर्टात मागितलेलं तेवढंच मिळतं असं नाही, त्यांना कायदा पुरा लावावा लागतो. मला ते पटलं. बाईनं चहा पाजला आणि ती दुसऱ्या केसला गेली.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक तरुण माणूस होता, कानात वायर घालून. मी त्याला म्हटलं, "केस जीत गया मैं." त्यानं एका कानातली वायर काढली. "क्या बोला, चाचा?" मी म्हटलं, "कुछ नहीं." त्यानं वायर परत घातली.

गल्लीत आधीच कळलं होतं. पेढे नव्हते. कोणी भांडलंही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मी प्रत्येकाला उत्तर तयार ठेवलं होतं. आमच्यासाठी मंजूर झालेली आंगणवाडी दूरच्या एका सोसायटीत गेली. रोज सकाळी बाया पोरांची बोटं धरून माझ्या ओट्यासमोरून मोठ्या रस्त्याकडे जातात, कोपऱ्यावर टेंपो थांबायची वाट बघत उभ्या राहतात. पूर्वी "आबा, चहा झाला का" म्हणायच्या. आता पदर सारखा करून निघून जातात.

मी बसल्या बसल्या पुष्कळ विचार केला आहे, दुसरं काम काय मला. मत देताना आपण सगळे सारखे असतो, म्हणून आपलं एकट्याचं तिथे कोणी विचारत नाही. कोर्टात आपलं एकट्याचं विचारतात, पण बाकीचे घरी काय म्हणतात ते नाही विचारत. कॉर्पोरेटर म्हणायचा सांगत बसायचं. सांगत बसायला माणसं समोर असावी लागतात. कोर्टाला मी सांगितलं आणि ते संपलं. ते आता कायमचं झालं, माझ्या मागंही राहील. मला अजूनही वाटतं मी बरोबर केलं. जागा हातातून गेली असती तर हीच माणसं उद्या म्हणाली असती, मोठा होता, काय केलं त्यानं.

यंदा श्रावण लागला तसं मी गल्लीत सगळ्यांच्या दारात जाऊन सांगितलं की आता स्टे नाही, निकाल आपल्या बाजूनं आहे, कानबाई प्लॉटवर बसवू. आयुष्यात पहिल्यांदा असा दारोदार गेलो. सगळे "बरं, आबा" म्हणाले. कोणी नाही म्हटलं नाही. भावाच्या दारात मात्र आतून त्याचा मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, पप्पा बाहेर गया छे. भावाच्या चपला दारातच होत्या.

मी प्लॉट झाडला. प्लास्टिकच्या पिशव्या, टेंपोवाल्यांनी टाकलेल्या बाटल्या, वाढलेलं गवत, सगळं काढायला आठवडा गेला. मांडववाल्याकडून बांबू आणले, त्याच्या माणसानं उभे करून दिले, वर कापड टाकलं. रविवारी सकाळी आंघोळ करून मी मांडवाखाली खुर्ची टाकून बसलो.

ऊन वर आल्यावर गल्लीतून वाडीकडे जायला टेंपो निघाला. मागे बाया, पातेली, कळशा, गुंडाळलेला शालू. टेंपो माझ्यासमोर थांबला. भाऊ पुढून उतरला. त्याचे केस किती पांढरे झाले ते मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"चाल ना, भाऊ," तो म्हणाला.

"जागा इथे आहे."

"देव तठे, माणसं तठे. तू आठे काय राखस?"

"केस सगळ्यांची होती. निकालात लिहिलंय, सगळे रहिवासी."

"लिखेल शे ना. मंग वाचत बठ."

हे म्हणून त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो टेंपोच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात त्याची बायको मागून बोलली. आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही. त्यांच्या लग्नापासून आजपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेवायला वाढलं तरी भांड्याचा आवाज करायची, म्हणजे मी समजायचं. डोक्यावरचा पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "तुमना नावना गहू मी मापेल शेतस."

रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मापून घेतात, एकेकाचे सव्वा मूठ. ज्याच्या नावाचे मापले तो भाऊबंद. म्हणजे रोट वेगळा झाला नव्हता, निदान तिच्या हातून झाला नव्हता.

मी उठलो असतो. गुडघ्यावर हात सुद्धा टेकला होता. पण सगळ्या बाया बघत होत्या, मागे माझे बांबू उभे होते, आणि मी उठलो असतो तर ते बांबू कोणासाठी होते हे मला तिथेच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

भाऊ पुढे चढून बसला. टेंपो गेला. वळणावर बायांनी देवीचं गाणं धरलं, ते रस्त्याच्या आवाजात लवकरच मिसळून गेलं.

दुपारी एक दुसरा टेंपो प्लॉटच्या तोंडाशी आला, साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला. ड्रायव्हर उत्तरेकडचा. त्यानं मान बाहेर काढून विचारलं, "चाचा, थोड़ी देर लगा दूँ इधर? मार्केट में जगह नहीं।"

"नहीं. कोर्ट का ऑर्डर है."

तो खाली उतरला, मांडवाच्या सावलीत आला, तोंडावर पाणी मारलं. रिकामा मांडव वरपासून खालपर्यंत बघितला. "जगह किसकी है?"

"सबकी."

"तो सब किधर हैं?"

"वाडी में. पूजा है आज."

"आप नहीं गए?"

"किसी को तो जगह सँभालनी पड़ती है," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याला ते बरोबर वाटलं. बाटलीतलं उरलेलं पाणी मला देऊ केलं, मी घेतलं. मग तो टेंपो मागे घेत घेत रस्त्यावर गेला आणि मी मांडवाखाली बसून राहिलो.